व्हीलचेअरसाठी घर आणि ऑफिस: मोफत सॉफ्टवेअरवर आराखडा काढायचा कसा आणि तपासायचा कसा

घराचे आराखडे काढायची बहुतेक सॉफ्टवेअरं सोफा कुठे शोभेल हे दाखवण्यासाठी बनलेली आहेत. व्हीलचेअर भिंतीतून आरपार सरकवली तरी ती हूं की चूं करत नाहीत. त्यामुळे खुर्ची बसते का, वळते का, हात पोचतो का, ही तपासणी आपणच आराखड्यात घालावी लागते. ती घालायची रीत खाली दिली आहे. मुख्य साधन स्वीट होम थ्रीडी, कारण ते मोफत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि साध्या लॅपटॉपवरही दमत नाही. त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवा. अॅप-स्टोअरमधल्या आवृत्तीला पैसे पडतात.

आर्किटेक्टकडून डीएक्सएफ फाइल (संगणकावर काढलेल्या नकाशाची फाइल) मिळाली असेल तर ती लिब्रेकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून मापं वाचता येतात. ब्राउझरमधलं स्केचअप ओट्याखालची जागा किंवा एखादा काउंटर तपशिलात बघायला चांगलं, पण अख्ख्या फ्लॅटसाठी ते वेळखाऊ आहे. मोठ्या ऑफिसची गोष्ट वेगळी. ती पुढे येईल.

आधी टेप, मग माउस

फोनच्या कॅमेऱ्याने खोली मोजणारी अॅपं भरपूर आहेत. लायडार सेन्सर (लेझरने अंतर मोजणारा) असलेल्या आयफोनवर ती बरी चालतात, बाकी फोनवर काही सेंटिमीटर इकडे-तिकडे होतातच. सोफ्यासाठी ते चालेल. दारासाठी चालणार नाही, कारण खुर्ची आत जाणार की नाही हे दोन सेंटिमीटरवर ठरतं. खोलीचा साधारण आकार अॅपने घ्या, पण दारं, पॅसेज आणि बाथरूम टेपने किंवा लेझर मीटरने मोजा.

मोजताना:

- एकच एकक ठरवा, सेंटिमीटर. फूट-इंचात लोक "५.६" लिहितात आणि मनात ५ फूट ६ इंच असतं. सॉफ्टवेअर ते ५.६ फूट वाचतं, म्हणजे ५ फूट ७.२ इंच. तीन सेंटिमीटर हवेतून आले.
- प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. ३०० × २४० ची खोली खरंच काटकोनी असेल तर दोन्ही कर्ण ३८४ च्या आसपास येतील. जुन्या चाळीत आणि वाढीव बांधकामात ते क्वचितच सारखे येतात.
- पॅसेजची रुंदी तीन उंचींवर मोजा: स्कर्टिंगपाशी, कमरेला, खांद्याला. खाली टाइलची पट्टी आणि वर मीटरची पेटी असेल तर खरी रुंदी त्यातली सर्वांत कमी.
- उंबरठ्याची उंची दोन्ही बाजूंनी मोजा. बाहेरून २ सेंमी आणि आतून ५ सेंमी, असं बाथरूमला नेहमी असतं.
- खिडकीच्या कट्ट्याची, स्विचबोर्डाची, कडीची, नळाची उंची. आणि शाफ्टच्या पाइपांची जागा.

खुर्चीही मोजा. बसलेल्या माणसासकट मोजा, कारण बूट पायटेकणीच्या पुढे येतात आणि कोपर चाकांच्या बाहेर. साधी घडीची खुर्ची चाक ते चाक सुमारे ६५–६८ सेंमी भरते, पण चाक ढकलणाऱ्या बोटांना दोन्ही बाजूंना जागा लागते. म्हणून नियोजनात ८० × १३० सेंमीचा आयत धरायची पद्धत आहे.

भिंती काढताना होणारी चूक

बिल्डरचा ब्रोशर किंवा सोसायटीकडची मंजूर नकाशाची प्रत असेल तर ती पीएनजी किंवा जेपीजी करून घ्या. पीडीएफ थेट चढत नाही. 'प्लॅन' मेनूतून पार्श्वचित्र आणा. सॉफ्टवेअर एका माहीत असलेल्या लांबीवर रेघ ओढायला सांगतं. तिथे छोटी लांबी निवडू नका. दार निवडून एक पिक्सेल चुकलात तर तीच चूक दहापट होऊन संपूर्ण फ्लॅटभर पसरते. सर्वांत लांब सरळ भिंत, स्वतः मोजलेली, हीच निवडा. ब्रोशरवर छापलेल्या मापांवर विसंबू नका. ती बऱ्याचदा प्लास्टरशिवायची असतात.

प्रेफरन्सेसमध्ये भिंतीची जाडी बदला. नऊ इंची वीटकाम प्लास्टरसकट सुमारे २५ सेंमी, साडेचार इंची सुमारे १४ सेंमी भरतं.

आता महत्त्वाचं. स्वीट होम थ्रीडी भिंत मध्यरेषेवर काढतं. खोलीचं आतलं माप ३०० असेल आणि दोन्ही बाजूंना १४ सेंमीच्या भिंती असतील, तर लांबी ३१४ टाकायची. ३०० टाकलीत तर खोली आतून २८६ ची होते, आणि पुढची सगळी तपासणी खोट्या खोलीत चालते. भिंत काढता काढता एंटर दाबलं की लांबी टंकता येते. माउसने अंदाजे ओढू नका. काढून झाल्यावर आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मापरेषा टाकून टेपच्या आकड्याशी ताडून पाहा. मापरेषा भिंतीशी बांधलेल्या नसतात: भिंत हलवली तरी त्या जुन्या जागी, जुना आकडा मिरवत राहतात. दर बदलानंतर पुसून नव्या टाका.

आहे तशा घराची फाइल वेगळी जपून ठेवा आणि बदल प्रतीवर करा. कंत्राटदार "इथे आधी काय होतं" हे हमखास विचारतो.

दार: कागदावर ९०, प्रत्यक्षात ७५

भारतातल्या सुगमतेच्या (दिव्यांगांना वापरता येण्याच्या) मार्गदर्शक तत्त्वांत दाराची मोकळी रुंदी ९० सेंमी मागितली आहे. मोकळी म्हणजे दार उघडल्यावर माणूस जातो ती. सॉफ्टवेअरच्या तयार वस्तूंच्या लायब्ररीतल्या दाराला ९० रुंदी दिलीत तर ते चौकटीसकट ९० असतं. हिशेब असा:

वीटकामातलं भगदाड ९० सेंमी. चौकटीची लाकडं दोन्ही बाजूंना ६.२ सेंमी, म्हणजे १२.४ गेले. साडेतीन सेंमी जाडीचं फ्लश डोअर ९० अंशांत उघडून उभं राहिलं की खाचेतली १.२ सेंमी वजा जाता २.३ सेंमी आत डोकावतं. उरले ७५.३. मोकळे ९० हवे असतील तर भगदाड १०५ चं हवं.

हाच हिशेब बाथरूमच्या अडीच फुटी दाराला लावा: ७६ मधून १४.७ गेले, उरले ६१ आणि थोडं. चाक ते चाक ६६ सेंमीची खुर्ची तिथे अडते. आराखड्यात मात्र "दार ७६, खुर्ची ६६" असं दिसतं आणि सगळे निर्धास्त होतात. म्हणून लायब्ररीतलं दार बसवल्यावर त्याच्या मधोमध मोजून काढलेल्या मोकळ्या रुंदीची मापरेषा टाका आणि शेजारी मजकूर लिहा: "मोकळे ६१". पुढे तोच आकडा वापरायचा.

भिंत न फोडता थोडं मिळवायचं तर पार्लमेंट बिजागरी लावून दार पूर्ण मागे वळवता येतं, वरचे २.३ सेंमी परत मिळतात. भिंतीच्या बाहेरून सरकणारं दार चांगलं, पण हँडल चौकटीत अडकून थांबू नये यासाठी ट्रॅक पुरेसा लांब हवा. पीव्हीसीचं घडीचं दार लोक स्वस्त म्हणून घेतात. ते घडी होऊन चौकटीतच साठतं, त्या गठ्ठ्याची जाडीही वजा करा.

दार ज्या बाजूला ओढून उघडतं तिथे कडीच्या शेजारी किमान ४५ सेंमी मोकळी भिंत लागते. ६० असेल तर उत्तम. नाहीतर खुर्चीवरचा माणूस कडी धरतो आणि दार त्याच्याच गुडघ्यांवर येतं. प्लॅनमध्ये इथे ४५ चा चौकोन ठेवून बघा. कपाट नेमकं तिथेच असतं.

आणि हातोडा घेण्याआधी: नव्या टॉवरांमध्ये मायवान पद्धतीचं बांधकाम असेल तर भिंत विटांची नसून काँक्रीटची आणि भार पेलणारी असते. तिथे दार रुंद करणं हा गवंड्याने ठरवायचा विषय नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर "नाही" म्हणाला तर आराखडा त्या दाराभोवतीच बसवावा लागेल. हे सॉफ्टवेअर सांगत नाही.

खुर्चीचा साचा

कॅटलॉगच्या किरकोळ वस्तूंमध्ये खोका आणि दंडगोल आहेत. त्यांतून दोन साचे बनवा.

पहिला, वळणाचं वर्तुळ: दंडगोलाची रुंदी आणि खोली १५० सेंमी, उंची १ सेंमी, रंग भडक. बॅटरीच्या मोठ्या खुर्चीसाठी १८० चा दुसरा ठेवा.

दुसरा, खुर्ची: खोका, रुंदी ६६, लांबी १०८, किंवा तुमच्या खुर्चीचं जे माप असेल ते. इथे एक गोम आहे. सॉफ्टवेअर वस्तू तिच्या मध्यबिंदूभोवती फिरवतं, पण हाताने ढकलायची खुर्ची मागच्या चाकांच्या आसाभोवती वळते. २४ इंची चाक म्हणजे आस मागच्या टोकापासून साधारण ३१ सेंमीवर. पुढे राहिले ७७. मधोमध फिरवून बघितलंत तर पाय जिथे भिंतीला आपटणार तिथे आराखड्यात जागा दिसेल. उपाय सोपा: खोक्याच्या मागे ४६ सेंमी लांब, १ सेंमी रुंद पट्टी जोडा आणि दोन्हींचा गट करा. आता पुढे ७७, मागे ७७, मध्य नेमका आसावर. पट्टी भिंतीत घुसली तरी दुर्लक्ष करा. मधल्या चाकांवर फिरणाऱ्या बॅटरीच्या खुर्चीला ही पट्टी लागत नाही.

हा साचा फिरवल्यावर एक गोष्ट ध्यानात येईल. पायटेकण्यांची रुंदी ४५ धरली तर जागच्या जागी गिरकी घ्यायला १६० सेंमीच्या आसपास व्यास लागतो. म्हणजे १५० च्या वर्तुळात ही खुर्ची थोडी पुढे-मागे करतच वळते. १५० हे किमान आहे, ऐसपैस नव्हे.

आता मुख्य दारापासून पलंग, ओटा, बाथरूम असा रस्ता धरा आणि साचा प्रत्येक वळणावर १५-१५ अंशांनी फिरवत न्या. कोन बदलाच्या चौकटीत टंकता येतो. चुंबकासारखं चिकटणं त्रास देत असेल तर ऑल्ट किंवा ऑल्ट-शिफ्ट धरून ठेवा. दोन वस्तू एकमेकींवर चढल्या तरी इशारा मिळत नाही, त्यामुळे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. ९० सेंमीच्या पॅसेजमधून काटकोनात ७५ च्या दारात शिरायचं तर साचा कोपऱ्यावर अडलेला दिसेल. पॅसेज अरुंद असेल तर दार रुंद हवं, दार अरुंद असेल तर पॅसेज रुंद हवा. दोन्ही एकदम अरुंद असतील तर भिंतीचा कोपरा तासण्यावाचून इलाज नाही.

बाथरूम

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. सार्वजनिक इमारतीतल्या सुगम स्वच्छतागृहासाठी २२० × २०० सेंमी आतलं माप सांगितलं जातं. जुन्या नियमावल्यांत १५० × १७५ आढळतं. तेवढ्यात कमोड बसतं, पण खुर्ची शेजारी लावून वळणं जमत नाही. जुनं माप सांगणारा भेटला तर तेवढ्या खोलीत साचा फिरवून दाखवा, वाद संपतो.

कमोडचा मध्य बाजूच्या भिंतीपासून ४५–४८ सेंमी, बैठकीचा वरचा काठ जमिनीपासून ४५–४८ सेंमी, दुसऱ्या बाजूला खुर्ची लावायला ९० सेंमी मोकळे. बैठकीची उंची खुर्चीच्या गादीच्या उंचीशी जुळली तर सरकणं सोपं जातं. गादी दाबली गेल्यावरची उंची मोजा. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. आत उघडणारं दार असेल आणि माणूस आत पडला तर त्याच्या अंगामुळेच दार उघडत नाही.

आपल्या वन बीएचकेमध्ये असं बाथरूम मिळणं दुर्मीळ. पण संडास आणि मोरी वेगवेगळी असेल तर मधली भिंत काढून बघा: संडास ९०, भिंत १४, मोरी १२०, एकूण २२४ लांब आणि १२० रुंद. १५० चं वर्तुळ यात बसत नाहीच. मग सरळ आत शिरायचं, कमोडवर सरकायचं आणि उलटं बाहेर यायचं, अशी मांडणी करा आणि वळणाचं वर्तुळ दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये ठेवा. दाराच्या रेषेत काहीही नको, कमोड टोकाच्या भिंतीपाशी, बेसिन बाजूला आणि उथळ. बेसिनखाली गुडघे जायला ७० सेंमी उंची लागते. खालचं कपाट किंवा पेडेस्टल काढा. वर्तुळाचा थोडा भाग बेसिनखाली गेला तर चालतो, पण थ्रीडी दृश्यात वाकून बघा, बाटली-ट्रॅप (सांडपाण्याच्या नळीचा बाटलीसारखा भाग) गुडघ्याच्या जागी येतो का.

अंघोळ बादली-मगाने होणार असेल तर बादली जमिनीवर नको. ४५ सेंमीच्या कट्ट्यावर किंवा स्टुलावर ती बसलेल्या माणसाच्या हाताशी येते. आराखड्यात बादलीही ठेवा, ३५ सेंमी व्यासाचा दंडगोल. जेट स्प्रे ज्या हातात जोर आहे त्या बाजूला.

उंबरठा काढला की पाणी पॅसेजमध्ये येतं. सुगमतेसाठी उंबरठा फार तर १.२ सेंमी आणि तोही तिरका घासलेला. म्हणून उतार आतल्या बाजूला हवा: १:६० ने (६० आडव्याला १ खाली) १५० सेंमीला २.५ सेंमी. जमीन जेवढी खाली जायला हवी तेवढा नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतलं सांडपाण्याचं तोंड, खाली जाऊ शकतो का, हे प्लंबरला आधी विचारा. बुडवलेला स्लॅब (बाथरूमखाली मुद्दाम खाली घेतलेला) असेल तर जागा असते, नसेल तर दारापाशी लांबट जाळीची नाली घ्यावी लागते.

धरायच्या दांड्या प्लॅनमध्ये छान दिसतात. त्यांच्यावर माणसाचं अख्खं वजन, तेही झटक्याने येतं. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लॅस्टिकचा गुट्टा टिकत नाही. केमिकल अँकर (रसायनाने भिंतीत चिकटवलेला बोल्ट) किंवा भिंतीत आधीच पोलादी पट्टी हवी. दांडीच्या जागेवर प्लॅनमध्ये मजकुराची खूण करा, म्हणजे टाइल लावण्याआधी पट्टी बसेल. दांडी आणि भिंत यांत ५ सेंमी अंतर. जास्त ठेवलं तर हात मागे सटकून अडकतो.

ओटा आणि हाताची पोच

नेहमीचा ओटा ८१–८६ सेंमी असतो. बसून काम करायचं तर ७५–८०, खाली किमान ७० उंच, ९० रुंद आणि ५० खोल मोकळी जागा. सगळा ओटा खाली आणायची गरज नाही. घरात उभं राहून काम करणारेही असतात. एक ९० सेंमीचा तुकडा पुरतो. सिलिंडर त्या तुकड्याखाली नको. सिंक १३–१५ सेंमी खोलीचं घ्या, नाहीतर गुडघे त्याच्या तळाला लागतात.

पोच ४० ते १२० सेंमीच्या दरम्यान धरा. प्लॅन वरून दिसतो, त्यात उंची कळत नाही. म्हणून भिंतीलगत दोन पातळ रंगीत खोके ठेवा, एक ४० ला, एक १२० ला, आणि थ्रीडीत बघा की स्विच, कडी, गॅसची चावी, एमसीबीची पेटी या पट्ट्यात येते का. एमसीबी जवळजवळ नेहमीच वर राहते.

मग आभासी फेरफटका. सॉफ्टवेअरमधल्या आभासी पाहुण्याच्या डोळ्यांची उंची बदलून ११५ सेंमी करा. आरसा कपाळच दाखवतो, दारातलं भिंग डोक्यावरून जातं, पातेल्यात काय शिजतंय ते दिसत नाही, हे सगळं एका मिनिटात समोर येतं. घरातल्या मंडळींना पटवायला याइतकं उपयोगी काही नाही. आवडलेली दृश्यं साठवून ठेवता येतात.

रॅम्प

तीन पायऱ्या, प्रत्येकी १५, म्हणजे जोतं ४५ सेंमी. १:१२ ने उताराची आडवी लांबी ५४० सेंमी. खाली आणि वर १५०-१५० चे सपाट थांबे. सरळ रेषेत एकूण ८४० सेंमी. इतकी जागा सोसायटीच्या दारासमोर नसते, म्हणून दुमडा: २७० चे दोन तुकडे, मध्ये वळणाचा १५० खोल थांबा. लांबी ५७०, रुंदी दोन्ही पट्ट्या १२०-१२० आणि मधला कठडा धरून सुमारे २६०. ही जागा बहुधा कोणाच्या तरी पार्किंगची असते. सोसायटीच्या सभेत नकाशा नेणार असाल तर ती गाडीही प्लॅनमध्ये दाखवा, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

१:१२ ही सर्वांत तीव्र मर्यादा समजा. स्वतः खुर्ची ढकलणाऱ्याला ती दमवते. जोतं उंच असेल तर १:१५ किंवा १:२० कडे जा आणि दर ९ मीटरच्या आत थांबा द्या. कठडे दोन्ही बाजूंना आणि दोन्ही टोकांना ३० सेंमी पुढे नेलेले.

स्वीट होम थ्रीडीत रॅम्पचं साधन नाही. जुगाड असा: एक भिंत काढा, जाडी १२० सेंमी, लांबी ५४०, आणि तिची उंची 'उतरती' निवडून सुरुवातीला १ आणि शेवटी ४५ द्या. झाला रॅम्प. प्लॅनमध्ये ती भिंतीसारखी भरीव दिसेल. वरचा रंग बदला म्हणजे गोंधळ होणार नाही.

आहे तो रॅम्प तपासायला फोनमधलं लेव्हलचं अॅप चालतं, पण ते अंश दाखवतं. १:१२ म्हणजे ४.८ अंश किंवा ८.३ टक्के, १:२० म्हणजे २.९ अंश. "आठ आलं, बरोबर आहे" म्हणताना आठ टक्के की आठ अंश हे बघा, आठ अंश म्हणजे १:७ झाला. फोन पाठीवर ठेवू नका, कॅमेऱ्याचा उंचवटा कोन बिघडवतो. एक मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी ठेवा, फोन तिच्यावर कडेने उभा, एकदा एका दिशेने, एकदा उलट, आणि दोन आकड्यांची सरासरी.

ऑफिस

ऑफिसला फक्त सोय पुरत नाही, कायदाही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ नुसार सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी द्यायची नाही आणि पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. केंद्राची सुसंवादित मार्गदर्शक तत्त्वं २०२१ ची आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुडी प्रकरणात २०१७ च्या नियमांतला, सुगमतेची मानकं सांगणारा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान निकष वेगळे काढायला केंद्राला सांगितलं. त्यामुळे आर्किटेक्टला विचारताना "तुम्ही कोणत्या वर्षाचा दस्तऐवज धरला" हे विचारा.

छोट्या ऑफिसला वरचीच रीत. १२० सेंमी रुंद, १ सेंमी उंच पट्ट्या अंथरून गेट–लिफ्ट–टेबल–स्वच्छतागृह–बाहेर पडायचं दार असा सलग रस्ता रंगवा. पट्टी कुठे तुटली ते लगेच दिसतं. ऑफिसच्या साध्या खुर्च्या टेबलाखाली सारलेल्या नव्हे, लोक बसलेले असतात तशा बाहेर काढून ठेवा. तेव्हाच खरी वाट किती उरते ते कळतं. टेबलाखालची आडवी पट्टी आणि कीबोर्डचा खण गुडघ्यांना अडतो. बॅटरीच्या खुर्चीचे हात बहुतेक टेबलांखाली जात नाहीत, तिथे उंची बदलणारं टेबल घ्या. रिसेप्शनचा किमान ९० सेंमीचा भाग ७५–८० उंचीवर. तेरा माणसांच्या लिफ्टसाठी आत ११० खोल, २०० रुंद आणि ९० चं दार, हे माप प्रचलित आहे; जुन्या जाळीच्या दाराच्या लिफ्टमध्ये मजला आणि पाळणा यांतली फट वेगळी मोजा, पुढची लहान चाकं तिथेच रुततात.

मोठ्या ऑफिसचं मॉडेल रेव्हिट किंवा आर्किकॅडमध्ये (आर्किटेक्टांची थ्रीडी सॉफ्टवेअरं) असेल तर आयएफसी फाइल मागा, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांत उघडणारी सामायिक प्रकारची फाइल. ती बीआयएमव्हिजनमध्ये किंवा ब्लेंडरच्या बोनसाय अॅड-ऑनमध्ये मोफत उघडते. नियमांनी तपासायचं तर सोलिब्री आहे, सशुल्क. त्यात दार, रॅम्प, जिना यांच्या सुगमतेचे तयार नियम मिळतात, पण आतले मूळ आकडे भारताचे नसतात. चालवण्याआधी ९०, १५०, १:१२ हे स्वतः भरा. नाहीतर हिरवी खूण येते ती दुसऱ्याच देशाच्या मापाला. दुसरी अडचण: मॉडेलमधल्या दाराची नोंदलेली रुंदी बहुधा फळीची किंवा भगदाडाची असते, मोकळी नव्हे. चौकटीचा हिशेब इथेही करावा लागतो. रेव्हिटमधला चालण्याचा मार्ग दाखवणारा आदेश अंतर मोजतो. त्या वाटेत खुर्ची मावते की नाही याची हमी त्यातून मिळत नाही.

दृष्टी अधू असलेल्यांसाठी दोन साधनं. प्रकाशासाठी डायलक्स इव्हो, मोफत, विंडोजवर: जिन्यावर सावलीचे पट्टे पडतात का, चकचकीत फरशीवर दिवा डोळ्यांत येतो का हे बघता येतं. रंगासाठी कलर कॉन्ट्रास्ट ॲनालायझर. दार आणि भिंत, पायरी आणि तिची कड, पाटी आणि अक्षरं वेगळी उठून दिसायला हवीत. घाईची चाचणी म्हणजे फोटो कृष्णधवल करून बघणं. पांढऱ्या टाइलवरची पांढरी दांडी त्यात चक्क गायब होते. फोटो दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा काढा.

गवंड्याच्या हाती

पानाच्या मांडणीत प्रमाण १:५० करा आणि पीडीएफ काढा. ए-फोरवर १०.५ × १४.८५ मीटर जागा मावते, समास धरून वन बीएचके आरामात. छापताना "पानात बसवा" बंद, "मूळ आकार" चालू. शंका नको म्हणून प्लॅनमध्ये १०० सेंमीची रेघ ठेवा. कागदावर ती बरोबर २ सेंमी आली पाहिजे.

छापल्यावर त्याच मापांनी जमिनीवर खडूने कमोड, बेसिन, दाराची चौकट आखा आणि जो माणूस तिथे राहणार किंवा काम करणार आहे त्याला खुर्चीसकट त्यातून जाऊ द्या. कमोडच्या जागी स्टूल ठेवा आणि सरकून बघा. डाव्या बाजूने सरकणं जमतं की उजव्या, हे इथेच कळतं, आणि मग प्लॅन आरशातल्यासारखा उलटा करावा लागू शकतो.

प्रत्येक मापापुढे "टाइल ते टाइल" किंवा "वीट ते वीट" असं लिहा. नुसतं २२० लिहिलंत तर गवंडी वीट ते वीट २२० सोडतो. दोन्ही बाजूंना प्लास्टर, मसाला आणि टाइल मिळून साडेतीन-चार सेंमी चढतात आणि हातात २१२–२१३ पडतं. दाराच्या बाबतीत "चौकट बसवून, दार उघडल्यावर मोकळे ९०" असं पूर्ण वाक्य लिहा, आणि चौकट सिमेंटने पक्की करण्याआधी आतून आत टेप लावा. सिमेंट ओलं असेपर्यंत ती हलवता येते.